तक्रार: सुट्टीच्या सभासदत्वाचा खरा खर्च आमच्यापासून लपवला गेला

प्रति,
व्यवस्थापक, सभासद सेवा विभाग

विषय: २५ वर्षांचं कौटुंबिक सुट्टी सभासदत्व रद्द करून उरलेल्या १७ वर्षांची रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

नवव्या वर्षाच्या देखभाल शुल्काचं बिल गेल्या आठवड्यात आलं. ते भरावं की नाही हे ठरवायला आम्ही दोघं नवरा-बायको दोन संध्याकाळी आठ वर्षांचे कागद पसरून बसलो. भरायचं नाही, असं ठरलं. का ठरलं ते सविस्तर लिहिते आहे. तुमच्या कॉल सेंटरला हेच मी सहा वेळा फोनवर सांगितलं. दर वेळी नवा तक्रार क्रमांक मिळाला, उत्तर मात्र एकदाही मिळालं नाही.

आठ वर्षांपूर्वी दोन रात्रींच्या मोफत मुक्कामाचं कूपन लागल्याचं सांगून तुम्ही आम्हाला बोलावलं. माहिती ऐकायला दीड तास लागेल, असं निमंत्रणात होतं. प्रत्यक्षात साडेचार तास गेले. मुलांना खेळायच्या खोलीत नेलं, आम्हाला एका टेबलावर बसवलं. पहिल्या प्रतिनिधीला आम्ही “घरी जाऊन विचार करतो” म्हणालो, तर दुसरे आले, मग त्यांचे साहेब आले. हा दर फक्त आजच्यापुरता आहे, उद्या आलात तर मिळणार नाही, हे तिघांनीही सांगितलं. मुलं पेंगायला लागली होती. आम्ही सही केली: २५ वर्षं, दर वर्षी तुमच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री. ती सही आमच्याच हातानं केली, हे मी नाकारत नाही. पण सही करण्याआधी मी एकच प्रश्न दोनदा विचारला होता: “सगळं धरून एका रात्रीचा खर्च किती पडेल?”

तुमच्या प्रतिनिधीनं कोरा कागद ओढला, सभासदत्वाची किंमत लिहिली, २५ वर्षांच्या १७५ रात्रींनी भागली आणि आलेल्या आकड्याभोवती गोल काढला. तो कागद माझ्याकडे आहे. त्यात देखभाल शुल्क नाही, हप्त्यांचं व्याज नाही, पाचव्या माणसासाठी लागणारा जादा आकार नाही. शुल्काबद्दल विचारलं तेव्हा “ते किरकोळ असतं, महागाईपुरतं वाढतं” एवढंच उत्तर मिळालं.

आता ते किरकोळ शुल्क बघा. पहिल्या वर्षी ते सभासदत्वाच्या किमतीच्या ४ टक्के होतं. तेव्हापासून ते दर वर्षी ८ टक्क्यांनी वाढत आलं आहे. ८ टक्क्यांनी वाढणारी रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. याच गतीनं पंचविसाव्या वर्षाचं बिल पहिल्या बिलाच्या सव्वासहा पटीहून मोठं असेल आणि पंचवीसही बिलांची बेरीज पहिल्या बिलाच्या ७३ पट होईल. म्हणजे सभासदत्वासाठी जेवढे पैसे मोजले, त्याच्या जवळजवळ तिप्पट रक्कम नुसत्या देखभालीत जाणार. त्या टेबलावर ज्या किमतीवरून साडेचार तास घासाघीस चालली, ती या व्यवहारातली लहान रक्कम होती. मोठी रक्कम कराराच्या अकराव्या पानावर एका वाक्यात होती: “शुल्क ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.” कमाल मर्यादा कुठेच नाही. आणि राहायला गेलो नाही तरी हे शुल्क चुकत नाही.

हे अकरावं पान आम्ही सहीच्या वेळी का वाचलं नाही, असं तुम्ही विचाराल. कारण ते आमच्या हातात नव्हतं. सही झाली ती चार पानांच्या अर्जावर. पूर्ण करार “वेलकम किट”बरोबर घरी आला, तो सोळाव्या दिवशी. करार रद्द करायची मुदत होती दहा दिवसांची. जो कागद वाचून रद्द करायचं की नाही ते ठरवायचं, तो मुदत संपल्यावर पोचला. पहिला हप्ता मात्र सही झाली त्याच संध्याकाळी कार्डावरून घेतला गेला. युरोपीय संघाच्या २००८ च्या टाइमशेअर, म्हणजे अशाच सुट्टी-सभासदत्वांबद्दलच्या, निर्देशात ग्राहकाला माघार घ्यायला १४ दिवस दिले आहेत आणि ते संपेपर्यंत विक्रेत्यानं आगाऊ पैसे घेण्यावर बंदी आहे. तो निर्देश आपल्या कराराला लागू आहे असा माझा दावा नाही. पण असे नियम करावे लागले, कारण विक्रीच्या टेबलावर माणसाला धड विचार करता येत नाही. आमच्या बाबतीत अगदी हेच झालं आणि ते तुम्ही होऊ दिलंत.

आता सगळ्यात जास्त मनाला लागलेली गोष्ट. त्या दिवशी तुमच्या टेबलासमोर पाच माणसं होती: आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई. प्रतिनिधी त्यांच्याशी आदरानं बोलले, “आजी, आता दर वर्षी नातवंडांबरोबर सुट्टी” असंही म्हणाले. सभासदत्व घ्यायचं खरं कारण तेच होतं. वर्षातला एक आठवडा तरी आम्ही पाचही जण एका छताखाली, घरच्या कामांपासून लांब असावं, एवढीच इच्छा होती. आणि तुम्ही आम्हाला विकलं ते चार जणांचं स्टुडिओ युनिट. पाचव्या माणसाला रोजचा वेगळा आकार पडतो, हे पहिल्या मुक्कामाला काउंटरवर कळलं. पहिल्या वर्षी तो भरला, दुसऱ्या वर्षीही भरला. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनीच पावती पाहिली आणि “तुम्ही जाऊन या, मला प्रवास झेपत नाही” म्हणाल्या. त्यांना प्रवास झेपत होता. त्यांना तो आकार झेपत नव्हता. त्यानंतर त्या आमच्याबरोबर कधीच आल्या नाहीत. त्या वर्षांची भरपाई मी कोणत्या आकड्यात मागू?

बुकिंगचं तर विचारूच नका. आमचं सभासदत्व पांढऱ्या, म्हणजे कमी मागणीच्या, सीझनचं. मुलांच्या शाळेच्या मोठ्या सुट्ट्या तुमच्या तक्त्यात लाल, म्हणजे गर्दीच्या, सीझनमध्ये येतात. “आधी बुक केलंत तर लालमध्येही मिळतं,” असं आम्हाला सांगितलं होतं. नियमावलीत लाल सीझनवाल्या सभासदांसाठी बुकिंग आमच्या कितीतरी आधी उघडतं. आमची पाळी येईपर्यंत उरते ती वेटलिस्ट. आठ वर्षांत मी ११ वेळा शाळेच्या सुट्टीतल्या तारखा मागितल्या, दोनदा मिळाल्या. बाकीचे मुक्काम शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून, मुलांची शाळा बुडवून केले. दुसऱ्या देशातल्या रिसॉर्टशी अदलाबदल करता येईल, असंही सांगितलं होतं. या व्यवसायात अशी अदलाबदल अनेक दशकं चालत आली आहे. पण तिथे सभासदाच्या आठवड्याला किती मागणी आहे त्यावर समोरून काय मिळणार हे ठरतं, आणि पांढऱ्या सीझनमधल्या स्टुडिओच्या बदल्यात फारसं काही मिळत नाही. हे विक्रीच्या वेळी कोणी बोललं नाही. एकदा प्रयत्न केला, अदलाबदलीची फी भरली, वर्षभर वाट पाहिली आणि सोडून दिलं.

यापुढची गोष्ट मला अजून समजलेली नाही आणि तिचं उत्तर मला लेखी हवं आहे. ज्या तारखांना “एकही युनिट शिल्लक नाही” असं तुमच्या पोर्टलनं सांगितलं, त्याच तारखांना त्याच रिसॉर्टमधलं तसंच युनिट सार्वजनिक बुकिंग साइटवर कोणालाही मिळत होतं. असं चार वेळा झालं. चारही वेळचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. विचारल्यावर “तो वेगळा कोटा असतो” असं उत्तर आलं. एका युनिटला वर्षाचे ५२ आठवडे. डागडुजीचे एक-दोन सोडले, तर फार तर ५० कुटुंबांना एकेक आठवडा पुरतो. त्यातले आठवडे बाहेर विकले की तेवढी कुटुंबं वेटलिस्टवर जाणारच. मग प्रत्येक रिसॉर्टमध्ये सभासदांसाठी किती युनिट राखून ठेवली आहेत आणि त्यांच्यामागे किती सभासद घेतले आहेत? हा आकडा तुमच्याकडे नक्की असेल. तो सभासदांना कधीच का सांगितला जात नाही?

आठ वर्षांच्या ५६ रात्रींपैकी आम्ही २३ वापरल्या. १९ मुदत संपून बुडाल्या, १४ खात्यात आहेत. सभासदत्वाच्या किमतीचा आणि हप्त्यांच्या व्याजाचा आठ वर्षांचा हिस्सा धरला, प्रत्यक्ष भरलेलं शुल्क धरलं आणि २३ नं भागलं, तर एक रात्र त्या गोल काढलेल्या आकड्याच्या सव्वासहा पट पडते. त्याच रिसॉर्टच्या खुल्या, म्हणजे सभासद नसलेल्यांसाठीच्या, दरापेक्षाही ती पावणेदोन पट महाग आहे. पाचव्या माणसाचा आकार आणि अदलाबदलीची फी मी यात धरलेली नाही. खात्यातल्या १४ रात्री उद्याच वापरता आल्या, तरी एक रात्र त्या गोल काढलेल्या आकड्याच्या जवळजवळ चौपट पडते.

हिशेबात अप्रामाणिकपणा नको म्हणून दुसरी बाजूही मांडते. सगळ्या ५६ रात्री मिळाल्या असत्या तर एक रात्र तुमच्या आकड्याच्या अडीच पटीहून थोडी जास्त, पण खुल्या दरापेक्षा स्वस्तच पडली असती. म्हणजे ही योजना मुळातून खोटी आहे असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी शाळेची मुलं नाहीत, ज्यांना वर्षभर आधी रजा ठरवता येते, ज्यांना गर्दीचा मोसम नकोच असतो आणि जे दर वर्षी न चुकता सातही रात्री वापरतात, त्यांना ती परवडत असेल. आम्ही तसं कुटुंब नव्हतो. दोन शाळकरी मुलं समोर बसलेली असताना तुमच्या प्रतिनिधींना ते दिसत होतं.

गेलेले पैसे गेले, त्यांच्यापायी आणखी पैसे घालायचे का, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता. नवव्या वर्षाच्या शुल्कात खुल्या दरानं साडेतीन रात्री राहता येतं, हव्या त्या तारखेला, हव्या त्या गावी, पाचही जणांना पुरेल अशा जागेत. तुमच्याकडे आम्हाला वर्षाला सरासरी तीन रात्रीही मिळालेल्या नाहीत. खोल्यांचे खुले दरही वाढतील, हे मला कळतं. पण ते दर नको असतील तेव्हा न जाण्याची मुभा असते. इथे ती नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर तुमच्या विभागानं मला काय सुचवलं? लाल सीझनमध्ये अपग्रेड करा, त्यासाठी या रविवारी प्रेझेंटेशनला या. ज्या अडचणीची तक्रार केली, तिच्यावरचा उपाय म्हणून तीच वस्तू आणखी महाग करून पुन्हा विकायची, याचा मला मनापासून राग आला. सभासदत्व परत घ्या म्हटलं तर “बायबॅक नाही, तुम्ही बाहेर विकू शकता” असं उत्तर आलं. बाहेर घेणारं कोणी नाही. मात्र मी चौकशी केल्यापासून आठवड्यात तीन अनोळखी फोन आले. आगाऊ फी भरा, आम्ही गिऱ्हाईक आणतो, असं प्रत्येकजण म्हणत होता. अशी आगाऊ फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं अमेरिकेचं ग्राहकहित पाहणारं सरकारी फेडरल ट्रेड कमिशन टाइमशेअरधारकांना सांगत आलं आहे. माझं नाव, नंबर आणि सभासदत्वाचा तपशील या लोकांपर्यंत कसा पोचला, याची चौकशी तुम्ही करावी.

रिसॉर्टमधल्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दुसऱ्या वर्षी सासूबाईंचे गुडघे पाहून एका मुलानं न सांगता तळमजल्यावरची खोली बदलून दिली होती. तो मुक्काम आमच्या घरात अजून आठवला जातो.

आमची मागणी अशी आहे. हे पत्र मिळाल्याच्या तारखेपासून सभासदत्व रद्द समजावं आणि नवव्या वर्षाचं बिल मागे घ्यावं. सभासदत्वाच्या किमतीतून वापरून झालेल्या आठ वर्षांचा हिस्सा वजा करून उरलेल्या १७ वर्षांची रक्कम परत करावी. करार १६ व्या दिवशी पोचला, याचा पुरावा म्हणून कुरिअरची पावती जोडली आहे, आणि त्या गोल काढलेल्या कागदाची प्रतही. मूळ कागद मी देणार नाही, तो ग्राहक आयोगापुढे लागेल. राखीव युनिट आणि सभासदसंख्या यांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर पैसे परत केलेत तरी हवंच आहे, कारण आमच्यासारखी आणखी कुटुंबं आज त्या टेबलावर बसलेली असतील.

उत्तर ३० दिवसांत, लेखी आणि सही करणाऱ्याच्या नावानिशी द्यावं. फोन करू नये. तोपर्यंत थकबाकीचं व्याज लावलं किंवा वसुलीसाठी कोणाला घरी पाठवलं, तर तीही बाब याच तक्रारीत जोडली जाईल.

कळावे,
आपली आठ वर्षांची सभासद