करवंटीचा वाडगा आणि 50 पैसे

महोदय,

कालच्या पुरवणीतील पर्यावरणस्नेही खरेदीवरचा लेख वाचला. प्लास्टिक टाळायचे तर ग्राहकाने योग्य वस्तूंची ‘निवड’ करावी, असा त्याचा सूर. बांबूचा टूथब्रश, स्टीलची स्ट्रॉ, करवंटीचा वाडगा! (करवंटी आमच्याकडे बंबात जायची, ते असो.) लेखिकेच्या हेतूबद्दल शंका नाही. पण आमच्या घरात रोज न चुकता येणारे प्लास्टिक म्हणजे दुधाची पिशवी. तिथे मी कसली ‘निवड’ करायची? कुठल्याही डेअरीचे घ्या, कोपऱ्यावरच्या केंद्रावर दूध पिशवीतूनच मिळते.

2018 च्या प्लास्टिकबंदीत या पिशवीवर 50 पैसे ठेव ठरली होती. रिकामी पिशवी द्या, पैसे परत घ्या. राज्यात रोज सुमारे 1 कोटी पिशव्या कचऱ्यात जातात, हे 2019 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनीच विधिमंडळात सांगितले. मी भाबडेपणाने पिशव्या धुतल्या, गॅलरीत चिमटे लावून वाळवल्या आणि केंद्रावर नेल्या. “काकू, वरून काही आलेलं नाही. टाका तिकडे,” असे उत्तर मिळाले. तिकडे म्हणजे कचऱ्याच्या डब्यात. पुढे पुन्हा विचारले, तर केंद्रवाले गिऱ्हाइकांदेखत हसले. आता त्याच केंद्रावर झाडाचे चित्र छापलेल्या कापडी पिशव्या विकायला टांगल्या आहेत. त्या कशात गुंडाळून येतात ते विचारू नका.

आरे या सरकारी डेअरीची काचेची दुधाची बाटली आठवणारे वाचक अजून असतील. पहाटे कार्ड आणि रिकामी बाटली घेऊन रांगेत उभे राहायचे. त्यात कुणाचे निसर्गप्रेम नव्हते. डेअरीला बाटली परत हवी असायची, म्हणून ती परत जायची.

आता उत्पादकाची जबाबदारी म्हणजे तेवढ्या प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण दुसऱ्या कुणी केले, अशी प्रमाणपत्रे विकत घेणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्यांत सुमारे 6 लाख बनावट सापडली. आणि भाजीवालीच्या टोपलीखाली पातळ पिशवी दिसली की पहिलाच दंड 5,000 रुपये! लेखिकाबाईंनी पुढच्या वेळी त्या 50 पैशांचे काय झाले, याची चौकशी केली तर उपकार होतील.

जाता जाता, ही पुरवणी ज्या गुळगुळीत कागदावर छापता, तो आमचा रद्दीवाला वजनात धरत नाही, बाजूला काढून ठेवतो. साध्या कागदावर छापली तर चालणार नाही का?

– एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली