समज देऊन बोअर सरळ होत नाही

भोसरी, पुणे

प्रिय सुन्या,

फोनवर तू लीनबद्दल, म्हणजे कामातली नासाडी काढायच्या टोयोटाच्या रीतीबद्दल, म्हणालास, "लीन म्हणजे माणसं कमी करायचा धंदा." तसं करणारे आहेतच, नाही म्हणत नाही. पण आमच्या लाईनवर काय झालं ते वाच, मग शिव्या घाल.

एका हाउसिंगचा (धातूच्या कवचाचा) बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, तिरका यायचा. रोज नाही, पण सेकंड शिफ्टला हमखास. कस्टमरला जाणाऱ्या फॉर्मवर दरवेळी कारण 'ऑपरेटरचं दुर्लक्ष', उपाय 'ऑपरेटरला समज दिली'. फाईल फुगली, बोअर तिरका तो तिरकाच.

शेवटी नव्या प्लँट हेडने मीटिंग रद्द करून सगळ्यांना संध्याकाळी मशीनपाशी उभं केलं. टोयोटाच्या ताइची ओनोंची हीच रीत: जागेवर जा आणि पाच वेळा 'का' विचार. बोअर तिरका का? जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, खालच्या पॅडवर नीट टेकत नाही. का? खाली बर (धातूची बारीक कोर) अडकते. एअर गन मारून निघत का नाही? ऑपरेटर म्हणाला, "साहेब, संध्याकाळी हवाच नसते." गेज बघितला, तर 6 बारची लाईन 4 च्या खाली! शेजारचं ब्लास्टिंग सेकंड शिफ्टलाच चालतं, त्याच कॉम्प्रेसरवर. पोराने हे आधीही सांगितलं होतं; फॉर्मवर त्याला रकाना नव्हता, एवढंच.

मग पॅडला बारीक भोक पाडून त्यातून हवा सोडली. जॉब टेकला की भोक बंद होऊन दाब चढतो. बर अडकली तर हवा निसटते आणि सायकल सुरूच होत नाही. चूक होऊच न देणाऱ्या अशा सोयीला जपानीत पोका-योके म्हणतात. तुला इचलकरंजीत याचं काय कौतुक! टोयोटा गाड्यांच्या संस्थापकाचे वडील साकिची टोयोडा, त्यांचा 1924 चा जी टाइप माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा. टोयोटाच्या गाड्या त्यानंतरच्या.

खरी गंमत पुढे. हवा कमी, म्हणून संध्याकाळी मशीन सारखं अडायला लागलं. प्रॉडक्शनवाले म्हणाले, "सेन्सरला जंपर मारा, डिस्पॅच अडलंय." म्हणजे हवेची ही तपासणी बाजूला ठेवून मशीन चालवा. हेड हलला नाही. तेव्हा कुठे ब्लास्टिंगला वेगळा कॉम्प्रेसर मिळाला, जो मेंटेनन्सवाले कधीपासून मागत होते.

रिवर्कवरचे, म्हणजे बिघडलेले जॉब नीट करणारे, दोघे सध्या दुसऱ्या लाईनला आहेत. कंत्राटी आहेत, तेव्हा तुझी शंका मी पुरती खोडत नाही.

आता तू सांग. सूत तुटल्यावर थांबायची सोय तुझ्या किती मागांवर बांधून ठेवलीय? खरं लिही.

तुझा,
विज्या