आयएनएस मुंबईला मुंबईने मानपत्र द्यावं

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ब्रिटन, ऑस्ट्रेलियात एक पद्धत आहे, तिथली नगरपालिका रीतसर ठराव करून एखाद्या युद्धनौकेला शहराचा मान देते आणि मग त्या नौकेचे नौसैनिक बंदुकीला संगिनी लावून, ढोल वाजवत, झेंडे फडकवत शहरातून संचलन करतात. पूर्वी शहरं हत्यारबंद सैन्याला वेशीच्या आत घ्यायचीच नाहीत, ज्यांच्यावर विश्वास त्यांनाच आत येऊ द्यायचं, त्यातून हा मान आला. ऑस्ट्रेलियात तर पोलिस अधिकारी तुकडीला अडवतो, कोण तुम्ही म्हणून विचारतो, कमांडर पालिकेचं पत्र दाखवतो तेव्हाच रस्ता मोकळा होतो.

आपल्या महापालिकेने हा मान आयएनएस मुंबईला द्यावा एवढंच सांगायला हे पत्र लिहितोय.

आपल्या शहराच्या नावाची विनाशिका आहे हे इथल्या किती जणांना माहीत आहे? दिल्ली, म्हैसूर आणि मुंबई अशा तीन नौका माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या, त्यातली ही तिसरी, 163 मीटर लांब, 22 जानेवारी 2001 ला नौदलात दाखल झाली. 2006 ला लेबनॉनमध्ये लढाई पेटली तेव्हा बैरूतमधून माणसं काढायला ज्या नौका गेल्या त्यात ही होती, आपल्या लोकांबरोबर नेपाळी आणि श्रीलंकेची माणसंही त्यांनी सुखरूप बाहेर काढली. 2015 ला येमेनमध्ये एडन शहरात गोळीबार चालू असताना हिने चारशेच्या वर माणसं उचलली, त्यात परदेशी सुद्धा होते. मुंबई हे नाव त्या माणसांनी जीव वाचवणाऱ्या जहाजावर वाचलं, आणि इथे आपल्याला त्याचा पत्ता नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ती इथे नसतेच, डिसेंबर 2023 पासून विशाखापट्टणमला पूर्वेच्या ताफ्यात आहे. म्हणजे जन्म माझगावचा, नाव मुंबईचं आणि नांदते दूर, मग माहेरी बोलवून ओटी कोण भरणार, आपणच ना! सुरतचं बघा, आयएनएस सुरत पण माझगावातच बांधली, पण नोव्हेंबर 2023 मध्ये, नौका नौदलात दाखल व्हायच्या आधीच, तिच्या बोधचिन्हाचं अनावरण सुरत शहरात झालं आणि तिथल्या लोकांना कळलं की आपल्या नावाचं जहाज येतंय. हे आपल्याकडे का होऊ नये?

आपली पहिली विमानवाहू नौका, जुनी विक्रांत, तिचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. 1997 ला निवृत्त झाली, म्युझियम म्हणून लोकं बघायला जायची, शाळेतली पोरं डेकवर फिरायची, मग 2012 ला तेही बंद झालं आणि 2014 ला लिलाव होऊन दारूखान्यात, म्हणजे जहाजं मोडतात त्या बंदरात, तोडली. लायन गेटजवळ तिच्या लोखंडाचं स्मारक आहे, येता जाता बघतो, छान आहे, पण जहाज ते जहाज. तेव्हा पैसा नाही, जागा नाही अशी कारणं होती, मानपत्राला यातलं काहीच लागत नाही. सभागृहात एक ठराव, एक ताम्रपट आणि एका रविवारची सकाळ. फोर्ट रविवारी तसाही रिकामा असतो, लायन गेटवरून निघून हुतात्मा चौक, डी. एन. रोड करत पालिकेच्या मुख्यालयापर्यंत यायचं, ट्रॅफिकचा काय त्रास होणारे.

फक्त एक विनंती, ह्याचा पुढाऱ्यांच्या बॅनरबाजीचा कार्यक्रम करू नका. पुढच्या रांगेत महापालिकेच्या शाळांची मुलं बसवा, आणि नौका बंदरात असेल तेव्हा त्यांना आत नेऊन दाखवा, लालबाग, शिवडी, गोवंडीच्या पोरांनी नौदलात जायचं स्वप्न कधी बघायचं जर त्यांनी जहाज फक्त गेटवेवरून लांबूनच बघितलं तर? आणि त्यांच्या शेजारी गोदीतले रिटायर कामगार बसवा. फिटर, वेल्डर, रिगर, इलेक्ट्रिशियन, ज्यांनी उन्हात तापलेल्या पत्र्यावर उभं राहून ही नौका उभी केली. कप्तानांची नावं नौदल जपतं, ह्या माणसांची नावं कुठेच लागलेली नाहीत. डॉकयार्ड रोड, घोडपदेव, माझगावच्या चाळीत त्यातले कितीतरी अजून राहतात, पण आता वय झालंय, त्यामुळे हे लवकर व्हायला हवं.

माझगाव आणि फोर्टच्या नगरसेवकांपैकी कोणीतरी ठरावाची सूचना मांडावी, पक्ष कुठलाही असो, आणि नौदलाशी बोलून 22 जानेवारी किंवा 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपासचा रविवार ठरवावा. कामगारांची यादी डॉककडून मागवून प्रत्येकाला पालिकेचं निमंत्रण घरी जाऊन द्यावं, पोस्टाने नको.

आपला,
एक माझगावकर