नॉरफोकात राहतेस तर रूथ गॅलोवे वाचच

नाशिक

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस ना की नॉर्विचला अजून जीव रमत नाही, सगळं सपाट आणि ओलं, चार वाजले की अंधार, ड्युटी नसेल त्या दिवशी कुठे जावं तेच कळत नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चाललंय की हिला रूथ गॅलोवे कुणी सांगितली कशी नाही! अगं तू चक्क रूथच्या मुलखात, इंग्लंडातल्या नॉरफोकात जाऊन राहिलीयेस आणि तुला पत्ताच नाही. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं तर मेसेज संपेचना, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहावं.

तर रूथ गॅलोवे म्हणजे एली ग्रिफिथ्सच्या रहस्यकथांची नायिका. एली ग्रिफिथ्स हे टोपणनाव, बाईंचं खरं नाव डॉमेनिका डी रोझा. 2009 ते 2023 या काळात रूथची पंधरा पुस्तकं आली आणि मालिका संपली, म्हणजे तुला पुढच्या भागाची वाट बघत बसायला नको. रूथ फॉरेन्सिक आर्किऑलॉजिस्ट आहे, म्हणजे पुरलेली हाडं तपासून पोलिसांना मदत करणारी पुरातत्त्वज्ञ, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ नॉरफोकमध्ये शिकवते (ही युनिव्हर्सिटी काल्पनिक आहे हं, शोधत बसू नकोस). चाळिशीला टेकलेली, अंगाने जाड, एकटी, मांजरं पाळलेली, आणि राहते कुठे तर समुद्राकाठच्या खाजणाच्या कडेला एका लहानशा घरात, जिथे भरती आली की वाट पाण्याखाली जाते. आईवडील कट्टर धार्मिक, हिचा देवावर अजिबात विश्वास नाही. मला ती पहिल्या पानापासून आवडली कारण तिला कुणाला इम्प्रेस करायचं नसतं, तिला हाडं दाखवली की बाकी सगळं विसरते.

लेखिकेला हे सुचलं ते पण तुझ्याच भागात. तिच्या नवऱ्याने लंडनची नोकरी सोडून आर्किऑलॉजी शिकायला घेतली होती आणि दोघं नॉरफोकात टिचवेल मार्शवरून चालत होते, तेव्हा तो म्हणाला की प्राचीन लोक अशा दलदलीला पवित्र मानायचे, कारण ती धड जमीन नाही आणि धड समुद्रही नाही, जगणं आणि मरण यांच्या मधलीच जागा, म्हणून ते तिथे माणसं पुरायचे, वस्तू अर्पण करायचे. बास, तेवढ्यावरून तिला अख्खी रूथ दिसली. टिचवेलला पक्ष्यांचं अभयारण्य आहे, तू जाऊ शकतेस.

आता पहिलं पुस्तक, द क्रॉसिंग प्लेसेस. खाजणात हाडं सापडतात. इन्स्पेक्टर नेल्सन रूथला बोलावून नेतो, कारण त्याला वाटतंय ही लूसी असेल. लूसी म्हणजे दहा वर्षांपूर्वी नाहीशी झालेली लहान मुलगी, आणि तेव्हापासून त्याला निनावी पत्रं येतायत, त्यात बायबल, शेक्सपिअर, बळी देण्याच्या गोष्टी असलं काय काय. रूथ चिखलात उतरते, बघते, आणि सांगते की ही मुलगीच आहे, पण लोहयुगातली, दोन हजार वर्षांपूर्वीची.

हे जे आहे ना मनू, याच्यासाठी मी तुला एवढं लांबलचक लिहितेय. बाकीच्या रहस्यकथांत पहिला प्रश्न असतो की कोणी मारलं. इथे त्याच्याही आधी प्रश्न येतो की कधी. आणि त्या एका उत्तरावर सगळं फिरतं, दहा वर्षं म्हटलं तर पोलीस, पंचनामा, आईबापांना फोन, दोन हजार वर्षं म्हटलं तर पोलीस गाडीत बसून परत जाणार आणि म्युझियमवाले येणार. नेल्सनचं तसंच होतं, त्याला सुटल्यासारखंही वाटतं आणि हातातलं गेल्यासारखंही वाटतं, कारण लूसीच्या आईवडिलांना सांगायला त्याच्याकडे पुन्हा काहीच नाही. पण रूथला ती लोहयुगातली पोर कमी महत्त्वाची वाटत नाही! ती पण कुणाची तरी मुलगीच होती, तिला पण कुणीतरी चिखलात ठेवून गेलं. दोन मुली, मधे दोन हजार वर्षं, आणि ही बाई दोघींकडे सारख्याच लक्षाने बघते. मला पंधराही पुस्तकांत हेच सगळ्यात मोठं वाटलं, खुनी कोण ते मी काही ठिकाणी विसरले पण आहे.

आणि हे "कधी" ओळखायचं कसं हे लेखिका घाई न करता दाखवते. कुणी खड्डा खणून प्रेत पुरलं की मातीचे थर कापले जातात, माती परत भरली तरी ती मिसळलेली असते, रंग वेगळा, घट्टपणा वेगळा, त्यामुळे छोट्या थापीने हळूहळू खरवडत गेलं की खड्ड्याची कड जमिनीत स्पष्ट उमटलेली दिसते, शेकडो वर्षांनी सुद्धा. म्हणून फावडं घेऊन धसाधसा खणणारे पोलीस रूथला बघवत नाहीत. शिवाय दलदलीतलं आम्लधर्मी पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) असेल तर हाडं विरतात पण कातडी केस टिकतात, चुनखडीत उलट, हाडं छान राहतात. तुला अजून एक सांगते, हे पुस्तकाबाहेरचं आहे पण तुला नर्स म्हणून आवडेल. 1950 नंतर उघड्यावर अणुचाचण्या झाल्या त्याने हवेतला कार्बन-14 (किरणोत्सारी कार्बन) 1963 च्या आसपास जवळजवळ दुप्पट झाला आणि मग हळूहळू उतरत गेला, तो अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला, त्यामुळे सापडलेला माणूस त्या चाचण्यांच्या आधी गेला की नंतर हे आता दातांवरून, हाडांवरून कळू शकतं. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दातांत ती तारीख आहे!

तुला वाटेल हाडं जुनी की नवी हा घोळ कादंबरीपुरताच असेल, तर नाही. 1983 मध्ये इंग्लंडातच, चेशायरमध्ये लिंडो मॉस नावाच्या दलदलीत पीट काढणाऱ्यांना एका बाईची कवटी सापडली. जवळच पूर्वी राहणाऱ्या एका माणसाची बायको वीसेक वर्षं बेपत्ता होती, पोलिसांचा त्याच्यावर आधीपासून संशय होता. कवटी सापडल्याचं ऐकून त्याने कबूलच केलं की मीच तिला मारलं आणि तिथे पुरलं. नंतर ऑक्सफर्डहून तारीख आली, कवटी सतराशे वर्षांहून जुनी, रोमन काळातली! मग तो कबुलीजबाब मागे घ्यायला लागला पण कोर्टाने ऐकलं नाही, त्याला शिक्षा झाली, आणि त्याच्या बायकोचं प्रेत कधीच सापडलं नाही. मी हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही मला. ती रोमन काळातली बाई कोण होती कुणालाच माहीत नाही, आणि तिच्यामुळे एका दुसऱ्याच बाईला न्याय मिळाला.

बरं, आता तुझ्या नॉर्विचचं. दुसरं पुस्तक द जेनस स्टोन नॉर्विचमध्येच घडतं. एक जुना वाडा पाडून तिथे महागडे फ्लॅट बांधतायत (हे वाचून नाशिक आठवेल तुला), आणि दाराच्या उंबऱ्याखाली लहान मुलाचा सांगाडा निघतो, डोकं नसलेला. आता हा रोमनांनी वास्तूसाठी दिलेला बळी की अलीकडचा खून? कारण त्या वाड्यात मधल्या काळात अनाथ मुलांसाठी होम होतं. ते वाचताना मला सारखं इनामगाव आठवत होतं. आठवतंय का, बीएच्या तिसऱ्या वर्षी आपल्याला सरांनी इनामगाव शिकवलं होतं, शिरूरजवळ घोडनदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने 1968 पासून कितीतरी सीझन खणलेलं पांढरीचं टेकाड. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात ते लेकरू. बळी नाही काही, गेलेलं मूल घराबाहेर ठेवायचं नाही एवढंच असावं. मोठ्या माणसांची पावलं मात्र घोट्यापासून तोडलेली असायची. पावलं शाबूत असलेला एक माणूस सापडला तो चार पायांच्या मोठ्या रांजणात बसवलेला, तो गावाचा प्रमुख असावा असं म्हणतात. जेनस स्टोनमध्ये रूथ त्या उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसून विचार करते की ज्याने हे ठेवलं त्याच्या मनात प्रेम होतं, भीती होती की लपवायचं होतं, तेव्हा मला वाटलं की हा प्रश्न इनामगावात खणणाऱ्यांना पण पडला असणारच, आणि मराठीत कुणीतरी असं लिहायला पाहिजे गं, घोडनदीकाठची एखादी रूथ. आपल्याकडे साहित्य कमी आहे का, सातवाहनांपासून पेशव्यांपर्यंत सगळे मातीखाली आहेत आणि वरून जेसीबी चाललेत.

असो, तुझ्या सुट्ट्यांचं बघू. पहिली सुट्टी किंग्ज लिन, ट्रेनने किंवा बसने जा, तिथल्या लिन म्युझियममध्ये सीहेंज ठेवलंय. पहिल्या पुस्तकात दहा वर्षांपूर्वी खणलेल्या ज्या लाकडी वर्तुळाचं पुन्हा पुन्हा येतं ना, त्याच्यामागे हे खरं सीहेंज आहे. 1998 मध्ये होम नावाच्या गावाच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळूतून ओक झाडाचे खांब वर आले, एकूण पंचावन्न, कडेला कडे लावून उभे केलेले, आणि मधोमध एक अख्खा ओकचा बुंधा उलटा रोवलेला, मुळं आकाशाकडे! वर्षवलयं मोजून कळलं की तो बुंधा इसवी सनपूर्व 2049 च्या वसंत ऋतूत तोडलाय. विचार कर, वर्षच नाही तर ऋतू पण कळला. दुसऱ्या वर्षी ते उचलताना ड्रुइड लोकांनी (प्राचीन निसर्गपूजेचा पंथ मानणाऱ्यांनी) आणि गावातल्या काहींनी विरोध केला, जागचं हलवू नका म्हणून. पुस्तकात त्या विरोधातूनच कॅथबॅड आलाय, जांभळा झगा घालणारा ड्रुइड. तो तुला आधी विचित्र वाटेल पण पाचव्या-सहाव्या पुस्तकापर्यंत तो तुझा लाडका होईल बघ. त्या वादात मी कुणाच्या बाजूने ते मला अजून ठरवता येत नाही, समुद्राने लाकूड खाऊन टाकलं असतं हे खरं, पण ज्यांनी ते तिथे उभं केलं त्यांना ते तिथेच हवं होतं हे पण खरं. तू बघून ये आणि तुला काय वाटतं ते लिही.

नंतर हेझबरो. स्पेलिंग बघून हॅपिसबर्ग म्हणू नकोस. तिथला कडा समुद्र दरवर्षी खातोय, घरं जातायत. 2013 मध्ये तिथे किनाऱ्यावर पावलांचे ठसे उघडे पडले, आठ लाख वर्षांहून जुने, आफ्रिकेबाहेरचे सगळ्यात जुने, मोठी माणसं आणि मुलं एकत्र चालत गेलेली, आणि दोनेक आठवड्यांत लाटांनी ते पुसून टाकले. तेवढ्यात लोकांनी फोटो काढले मापं घेतली म्हणून आपल्याला माहीत तरी आहे. तिसरं पुस्तक द हाउस ॲट सीज एंड अशाच ढासळणाऱ्या कड्याचं आहे, कड्याच्या पायथ्याशी सहा सांगाडे निघतात, हात बांधलेले, दुसऱ्या महायुद्धातले. आणि मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कुणाला काय माहीत आहे आणि सत्तर वर्षं कोण गप्प बसलंय हे येतं. मला हे सगळ्यात आवडलेलं. द घोस्ट फील्ड्स पण महायुद्धाचंच, शेतात पुरलेलं विमान सापडतं, आत पायलट, पण कपाळाला गोळीचं भोक, म्हणजे विमान पडून मेलेला नाही. द वुमन इन ब्लू वॉल्सिंगहॅमच्या यात्रेचं, तिथे लोक मध्ययुगापासून मेरीच्या दर्शनाला जातात, आपल्याकडच्या माणसाला ते वातावरण पटकन कळतं. शेवटच्यात ग्राइम्स ग्रेव्ह्ज येतं, थेटफर्डजवळ, साडेचार हजार वर्षांपूर्वी हरणाच्या शिंगांनी खणलेल्या गारगोटीच्या खाणी, चारशेच्या वर. एका खाणीत उतरू देतात म्हणे.

द लॉक्ड रूम मात्र घाईने घेऊ नकोस. ते 2020 च्या लॉकडाऊनचं आहे, त्यात कोविड वॉर्ड आहे, तू ते दिवस ड्युटीवर काढलेस, मन तयार असेल तेव्हाच उघड. लिहिलंय फार जपून, पण तरी.

सगळंच ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही तुला. नेल्सनचं लग्न झालेलं आहे आणि त्याचं आणि रूथचं जे आहे ते पंधरा पुस्तकं चालतं, मधे दोन-तीन पुस्तकांत मला वाटलं की बाई आता एक घाव दोन तुकडे करा. शिवाय शेवटाकडे रूथ एकटीच संकटात सापडते हे जरा फारदा होतं. एलिझाबेथ पीटर्सची इजिप्तमधली अमेलिया पीबॉडी वाचलीस तर तिथे वेगळा मामला आहे, ती लेखिका स्वतः इजिप्तॉलॉजीत डॉक्टरेट आणि तिथे सगळं जोरात, साहस, भांडणं, ममी. ॲगाथा ख्रिस्तीचा नवरा मॅक्स मॅलोवन आर्किऑलॉजिस्ट, ती त्याच्याबरोबर इराक सीरियाला जायची, मर्डर इन मेसोपोटेमिया त्या अनुभवातून आलं, पण तिथे गुन्हा सोडवायला तिचा नेहमीचा डिटेक्टिव्ह पॉयरोच येतो. स्वतः मातीत हात घालून, हाडाशी बोलत बोलत गुन्ह्यापर्यंत जाणारी, आणि पोलिसांच्या आधी मेलेल्या माणसाची बाजू घेणारी मला तरी रूथच भेटली.

क्रमानेच वाच, मधलं एखादं उचलू नकोस, माणसं पुढे पुढे वाढत जातात. विकत घेऊ नकोस, नॉर्विचच्या फोरममधल्या मोठ्या लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, तिथे सगळी असणार, तुमच्याच नॉरफोकातल्या गोष्टी आहेत त्या. पहिलं पुस्तक संपलं की मला लगेच कळव, रात्र असली इकडे तरी चालेल, आणि तो उलटा बुंधा बघितलास की त्याचा फोटो पाठव, त्यावर कुऱ्हाडीच्या खुणा अजून दिसतात म्हणे, त्या नीट दिसतील असा जवळून काढ.

काका-काकूंशी परवा बोलले, दोघं मजेत आहेत, काकूंनी लिंबाचं लोणचं पाठवायचं म्हणून माझ्याकडे आणून ठेवलंय.

तुझीच,
शमू