छत्तिसावा आठवडा लागलेल्यांसाठी: जीबीएस तपासणी

मैत्रिणींनो, अमेरिकेत गरोदरपणाचे ३६ ते ३७ आठवडे पूर्ण होताना योनिमार्ग आणि गुदद्वार इथून स्वॅब घेतात. दुखत नाही, मिनिटभराचं काम. जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप हे जिवाणू साधारण चारातल्या एकीच्या अंगात असतात. हा स्वच्छतेचा दोष नाही, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लाजू नका आणि रडत तर मुळीच बसू नका.

आधीच गोळ्या घेऊन टाकू का, असं अनेकजणी विचारतात. उपयोग नाही, जिवाणू परत येतात. जन्मताना हे जिवाणू बाळाला लागून ते आजारी पडू नये, म्हणून औषध कळा सुरू झाल्यावर शिरेतून देतात, बहुधा पेनिसिलिन, आणि जन्माआधी निदान चार तास मिळाले तर उत्तम. म्हणून पाणी गेलं की कळांची वाट न पाहता दवाखान्यात फोन करा आणि 'जीबीएस पॉझिटिव्ह' हे पहिल्याच वाक्यात सांगा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आत्ताच कळवा. लघवीत जीबीएस सापडलं असेल किंवा आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल, तर स्वॅबशिवायही औषध देतात.

बाळंतपणाला भारतात जाणाऱ्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावं. तिथे ही तपासणी सरसकट होत नाही.

आणि घरी आलेल्या आज्यांनाही सांगून ठेवा: पहिले तीन महिने बाळाला ताप आला, ते दूध ओढेना, कण्हू लागलं किंवा मलूल पडलं, तर घुटी-काढा नको, थेट इमर्जन्सी.