रात्रपाळीच्या सिस्टरांना

सिस्टर,

नाव लिहीत नाही, पण कागलची, अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाळंत झालेली म्हटलं की ओळखाल. मुलगा जेमतेम किलोभराचा, काचेच्या पेटीत.

सोनोग्राफीत डोक्यात रक्तस्राव निघाला. उजवीकडे ग्रेड तीन, डावीकडे चार. आम्हाला नुसते आकडे कळले. भेटायला येईल ती बाई विचारायची, "पपई खाल्लीस काय गं?" तुम्ही मात्र खुर्ची ओढून बसलात आणि समजावलंत. बत्तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूत, पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला, फार नाजूक रक्तवाहिन्या असतात. रक्ताचा दाब वरखाली झाला की त्या फुटतात, आणि हे बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच होतं. पपईचा काही संबंध नाही.

जगेल का, असं विचारल्यावर तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. चौथ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर ग्रेडमधलीही पुष्कळ बाळं जगतात, पण जगलेल्यांतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना सेरेब्रल पाल्सी होते, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हातापायांच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही, आणि आपलं कुठल्या निम्म्यात ते आज कुणीच सांगू शकत नाही, असं सरळ म्हणालात. त्या रात्री मला तुमचा राग आला होता. पण घरचे सगळे "काही होत नाही" म्हणत असताना निदान एका माणसाचं बोलणं खरं होतं.

मग मेजरटेप. पुढून भुवयांच्या वर, मागून डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून, रोज त्याच जागी. रक्ताच्या गुठळ्यांनी पाण्याची वाट अडली की घेर भराभर वाढतो, हे तुम्ही मला वहीत आलेख काढून दाखवलंत. सासूबाईंना टाळू तेलानं भरायची होती. तुम्ही त्यांचाच हात धरून बाळाच्या टाळूवर ठेवलात. "आजी, ही मऊ आहे म्हणून आतलं कळतं. बाळ शांत बसलेलं असताना फुगून ताठ झाली, उलट्या लागल्या, बुबुळं खाली बुडाल्यासारखी दिसली, तर तेल नको, थेट इकडं या."

घरी गेल्यावर टाळू ताठ लागली ती सासूबाईंच्याच हाताला. रात्रीच गाडी काढली. आता शंट आहे, डोक्यातलं जादा पाणी नळीनं पोटात उतरतं. ती नळी कधीही तुंबू शकते, म्हणून तीच लक्षणं अजून पाठ आहेत.

पुढं तो खुळखुळा फक्त डाव्या हातानं धरायला लागला. पाहुणे कौतुकानं म्हणाले, डावखुरा दिसतोय. वर्षाच्या आत बाळानं एकच हात वापरणं बरं नव्हे, हे तुमचं वाक्य आठवलं म्हणून लगेच दाखवलं. डावीकडच्या रक्तस्रावानं उजवी बाजू कमजोर झाली होती. फिजिओथेरपी लवकर सुरू झाली. परवा त्यानं उजव्या मुठीत भडंग धरलं. निम्मं सांडलं, पण धरलं.

एक सुचवू? ती लक्षणं मोठ्या मराठी अक्षरांत वॉर्डाबाहेर लावा. अक्षर माझं बरं आहे, तक्ता मी करून देते.

तुमची,
कागलची आई