गावभागातलं घर आणि तुम्ही सगळे

सांगलीच्या गावभागातला आमचा तळमजल्यावरचा जुना फ्लॅट पुन्हा राहता झाला, तो तुमच्यामुळे. 2019 च्या महापुरानंतर भिंतींना लोणा, म्हणजे ओलीतून बाहेर येणारा खार, धरायचा. पुट्टी लावली की महिन्याभरात पापुद्रे. ‘आधी गिलावा विटेपर्यंत फोडा, मग रंगाचं बोला,’ असं ठणकावणाऱ्या मामांचे पहिले आभार. बोळात टेम्पो शिरत नाही, म्हणून राडारोड्याची पोती खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेणाऱ्या मित्रांनो, पाठी बऱ्या आहेत ना? नव्या गिलाव्यावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणाऱ्या शेजारच्या काकू, तुम्ही नसता तर तडेच गेले असते. वायरिंग करणाऱ्या आतेभावाने मजुरी घेतली नाही, भडंग मात्र हक्काने मागितलं. एक खोली रंगवायची राहिलीय. रविवारी या, ब्रश भरपूर आहेत.